तन्नूरीन (लेबनॉन): बलआचा धबधबा आणि देवदारांचं जंगल, नेमकं नियोजन

गिरिपुष्प
उत्तर लेबनॉनमधल्या तन्नूरीन या लहानशा मारोनाइट (तिथला एक ख्रिस्ती पंथ) डोंगरगावासाठी हा धागा काढत आहे. आखातातून दोघं जण जाणार, एप्रिलचा तिसरा आठवडा, हाताशी पूर्ण दोन दिवस. बघायच्या गोष्टी दोनच: बलआचं विवर, ज्यात तीन नैसर्गिक पुलांमागून धबधबा कोसळतो, आणि देवदारांचं राखीव जंगल. प्रश्न असे:
१. एप्रिलमध्ये धबधब्याला पाणी नक्की असतं का?
२. किनाऱ्यावरून वर येताना रस्ता बत्रून शहराकडून बरा की जबैलकडून?
३. दोघांपैकी एक शाकाहारी. गावात काय मिळेल?
४. जंगलात वाटाड्या लागतो का?
"खूप सुंदर आहे, जरूर जा" अशा पोस्टी बऱ्याच वाचून झाल्या. नेमकी माहिती असेल त्यांनी लिहावं ही विनंती.

चुनखडी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नका, बर्फात शोधा. बलआच्या धबधब्याला बारमाही नदीचा आधार नाही. वरच्या डोंगरावर हिवाळ्यात साठलेला बर्फ वितळतो, तो ओढा होऊन येतो आणि विवरात पडतो. सर्वसाधारण वर्षी मार्च ते मे हा चांगला काळ. जूनमध्ये धार बारीक होते, ऐन उन्हाळ्यात खडक कोरडा असतो. बर्फ कमी पडलेल्या वर्षी एप्रिलअखेरीलाच धार रोडावते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या हिवाळ्यात लकलूक भागात बर्फ किती पडला ते पाहा. लकलूक बलआच्या अगदी वर आहे, तिथे स्कीइंग चालतं, म्हणून बर्फाची बातमी सहज मिळते.

आता दिवसातली वेळ. बर्फाच्या पाण्यावर चालणारा ओढा सकाळी सर्वांत रोड असतो. रात्री वितळणं मंदावतं, दुपारच्या उन्हात वेग घेतं आणि ते पाणी ओढ्यात पोचायला आणखी काही तास लागतात. सकाळी आठला पोचून "एवढंसंच पाणी?" म्हणत परतणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. दुसरीकडे, दुपारनंतर समुद्राकडून धुकं चढलं की विवर अक्षरशः दिसेनासं होतं. दोन्हींचा मेळ घालायचा तर ११ ते १ या वेळेत काठावर असावं. ऊन डोक्यावर असल्याने विवरात खोलवर उजेडही उतरतो.

नावाचा अर्थही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अरबीत 'ब-ल-अ' या धातूचा अर्थ गिळणं. विवराला तिथे 'बालूअ' म्हणतात, म्हणजे गिळणारं भोक. गटाराच्या जाळीलाही त्याच धातूवरून आलेला शब्द वापरतात. तिथे पाणी खरोखरच गिळलं जातं. खाली डोह नाही, पुढे वाहणारी नदी नाही.

उंबरवाडी
उंचीबद्दल फार गोंधळ आहे. कुठे ९० मीटर, कुठे १००, कुठे २५५. खरं काय?

चुनखडी
तिन्ही आकडे बरोबर, फक्त मोजमाप वेगळं. काठावरून दिसणारी पाण्याची उडी साधारण ९० ते १०० मीटर. २५५ मीटर ही संपूर्ण विवराची खोली. तिचा खालचा भाग काठावरून दिसतच नाही, तिथे दोर लावून उतरणारे गुहाअभ्यासकच जातात. गावकऱ्यांना जागा आधीपासून माहीत होतीच. बाहेरच्या जगाला ती १९५२ मध्ये आँरी क्वाफे या फ्रेंच गुहाजीव-अभ्यासकामुळे कळली. पुढे १९८० च्या दशकात लेबनॉनच्या गुहाअभ्यासकांनी तिचे नकाशे काढले.

१९८८ मध्ये तिथल्या पाण्यात चमकणारा रंग सोडून पाहिला, तेव्हा तो दल्लेच्या झऱ्यातून बाहेर आला. काही प्रवासवर्णनांत बलआचं पाणी अफ्काच्या गुहेतून निघतं असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे. अफ्का जवळ आहे, तिथेही गुहेतून पाणी उसळतं, म्हणून लोक दोन्ही ठिकाणं मनानेच जोडतात.

ही रंगचाचणी मला फार महत्त्वाची वाटते. चुनखडीच्या डोंगरात पाणी मातीतून झिरपत, गाळून निघत नाही. भेगांमधून आणि बोगद्यांमधून ते सरळ धावतं. विवरात टाकलेली बाटली, डायपर, सिगारेटचं थोटूक, काठावर केलेली घाण, सगळं त्याच वाटेने झऱ्याकडे जातं. खाली माणसं ते पाणी पितात. काठावर बसून डबा खाणार असाल तर उष्टंसुद्धा पिशवीत भरून परत आणा. हे हात जोडून सांगतो आहे.

सह्यकडा
निघोजच्या रांजणखळग्यांसारखाच प्रकार म्हणायचा का हा? फोटोत भोकं तशीच वाटतात.

चुनखडी
नाही. फरक समजून घेतला तर बघताना जास्त मजा येते.

कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बेसाल्टमध्ये आहेत. तिथे पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून खडक घासतात. ते यांत्रिक काम आहे, जात्यासारखं. बलआला खडक विरघळतो. पाऊस आणि बर्फाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनतं. पाणी जितकं थंड तितका हा वायू त्यात जास्त मावतो. तिथली चुनखडी जुरासिक काळातली, म्हणजे १६ कोटी वर्षांच्या आसपासची. तिच्या फटींत हे पाणी शिरतं, फटी रुंदावतात, त्यांचे बोगदे होतात, बोगद्यांची छतं कोसळतात. छताचा जो भाग कोसळायचा राहिला तो म्हणजे पूल. तिथे असे तीन पूल एकावर एक अधांतरी उरले आहेत आणि पाणी त्यांच्या मागून खाली जातं.

म्हणूनच आपल्या सह्याद्रीच्या धबधब्यांची सवय इथे चुकीच्या अपेक्षा देते. आपल्याकडे पाणी कड्याच्या टोकावरून सुटतं, आपण खालून वर पाहतो. बलआला आपण वर उभे असतो आणि पाणी पायाखालच्या अंधारात जातं.

सह्यकडा
हे कळलं. बुटांचं काय?

घाटवळण
तेच लिहायला आलो. बेसाल्टवर चालणाऱ्यांचा पायावर जो भरवसा असतो तो इथे बाजूला ठेवावा. आपला काळा पाषाण खडबडीत, कोरडा असताना पाय धरून ठेवतो. माणसांच्या पायांनी आणि पाण्याने घासलेली चुनखडी ओली झाली की साबणाच्या वडीसारखी होते. धबधब्याचे तुषार वारा आला की पुलापर्यंत येतात, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही खडक ओला असू शकतो.

नेमकं सांगायचं तर:

मऊ रबराचे, खोल खाचांचे बूट घाला. तळ कडक झालेले जुने बूट नकोत, रबर जुनं झालं की पकड जाते.

काठावर सलग कठडा आहे असं गृहीत धरू नका. कडेपासून दोन मीटरच्या आत जायचंच नाही असा नियम आधी ठरवून टाका. फोटोसाठी मागे सरकताना मागे बघा, त्याहून बरं म्हणजे सरकूच नका.

मधल्या पुलाकडे उतरणारी पायवाट आहे. तिथून धार समोर दिसते, पण वाट अरुंद आहे आणि एका बाजूला पोकळी. एप्रिलच्या सुरुवातीला सावलीतल्या टप्प्यावर बर्फाचा कडक थर उरलेला असू शकतो. तो दिसला तर वरूनच पाहून परत फिरा. वरच्या काठावरून तिन्ही पूल आणि धार एकत्र दिसतात, तेच या जागेचं खरं दृश्य आहे. खाली न उतरल्याने फारसं काही हुकत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडायचा नाही, आणि पुलावर तर न्यायचंच नाही.

रस्त्याबद्दल. दोन वाटा आहेत. पहिली बत्रूनवरून दूमामार्गे तन्नूरीन. दुसरी जबैलवरून अन्नायामार्गे लकलूक आणि तिथून उतरून बलआ, पुढे तन्नूरीन. बेरूतहून दोन्हींना साधारण पावणेदोन ते दोन तास धरा. दुसरी वाट जास्त उंचावरून जाते, त्यामुळे हिवाळ्यात बर्फाने बंद होते आणि एप्रिलमध्येही पहाटे कुठे कुठे पातळ बर्फ असतो. डांबरासारखाच काळा दिसत असल्याने तो कळत नाही. म्हणून जाताना बत्रून-दूमा आणि येताना, दुपारी, लकलूक-अन्नाया असा फेरा करावा. अन्नायाला संत शर्बेल यांचा मठ आहे, वाटेतच पडतो.

सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर हे जमणार नाही. बेरूतच्या दौरा चौकातून उत्तरेकडे जाणाऱ्या मिनीबस किनाऱ्याने बत्रूनपर्यंत सोडतात, पुढे टॅक्सीच. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा. भाडं डॉलरमध्ये आणि थांबण्याच्या तासांसकट आधीच बोलून घ्या, नाहीतर विवराजवळ तासभर जास्त थांबलात की वाद होतो. स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि रहदारी उजव्या बाजूने असते हे ध्यानात ठेवा. सरळ रस्त्यावर तेवढं अवघड जात नाही, घाटातल्या वळणावर मात्र भारतातल्या सवयीने हात डावीकडे वळतो. धोका तिथेच.

लष्कराच्या तपासणी नाक्याला 'हाजेझ' म्हणतात. वेग अगदी कमी करा, काच खाली घ्या, रात्री गाडीतला दिवा लावा, पासपोर्ट हाताशी ठेवा. नाक्याचा किंवा सैनिकांचा फोटो घ्यायचा नाही.

अजून एक. गेल्या काही वर्षांत तिथे जीपीएसमध्ये अडथळे येतात. फोन अचानक तुम्हाला बेरूतच्या विमानतळावर दाखवतो. नकाशा उतरवून ठेवला तरी उपयोग नाही, कारण बिघाड नकाशात नसून जागा ओळखण्यात आहे. वाटेतल्या गावांची नावं क्रमाने कागदावर लिहून न्या. 'तन्नूरीन अल-फौका' म्हणजे वरचं आणि 'तन्नूरीन अत-तहता' म्हणजे खालचं. आपल्या वरची आळी-खालची आळीसारखं. मुक्काम कुठल्या तन्नूरीनमध्ये आहे हे घेताना नीट विचारा, नुसतं 'तन्नूरीन' सांगून टॅक्सी केली तर भलत्या ठिकाणी उतराल.

गिरिपुष्प
घाटवळण, फार उपयोगी. परतीला लकलूक हे मनात आलंच नव्हतं. जंगलाबद्दल कोणी सांगेल का?

हरितपर्ण
सांगते. लोक देवदार बघायला बिशर्रीला जातात. तिथलं एखाद्या देवराईएवढं लहान, जुनं वन १९९८ पासून कादीशा खोऱ्यासह जागतिक वारसा यादीत आहे. तिथली झाडं प्रचंड आणि प्राचीन, पण मोजकी. जंगल म्हणून देवदार अनुभवायचा असेल तर तन्नूरीनच. लेबनॉनमधल्या सर्वांत मोठ्या आणि दाट देवदारवनांपैकी हे एक. १९९९ मध्ये ते राखीव झालं. इथली झाडं सपाटीवर उभी नाहीत, तर उभ्या चुनखडीच्या कड्यांवर, फटीत मुळं घालून वाढली आहेत. एकाच कड्यावर हातभर उंचीचं रोप आणि शेकडो वर्षांचं झाड शेजारी दिसतं. नव्या पिढीचं रोप दिसणं हीच निरोगी जंगलाची खूण.

देवदार हे नाव आपण हिमालयातल्या झाडाला देतो, ते सेडरस देओदारा. लेबनॉनचा तो सेडरस लिबानी. सख्खे भाऊच. ओळखायचं कसं: हिमालयातल्या झाडाचा शेंडा आणि फांद्यांची टोकं खाली झुकलेली असतात. लेबनॉनचं झाड वयात आलं की शेंडा वाढायचा थांबतो आणि फांद्या आडव्या, मजल्यामजल्यांनी पसरतात. झेंड्यावर आहे ते चित्र म्हाताऱ्या झाडाचं. तरुण झाड शंकूसारखंच असतं, ते पाहून "हा देवदार नव्हेच" म्हणू नका.

शंकूफळं फांदीवर उभी बसतात, पिंपासारखी. खाली पडलेलं अख्खं फळ सहसा सापडत नाही, कारण ती झाडावरच पाकळी पाकळी सुटतात आणि दांडा फांदीवर उभा राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परागण होतं. बहुतेक सूचिपर्णी झाडं हे वसंतात करतात, देवदार शरदात. फळ पिकायला दुसरं वर्ष उलटतं.

एप्रिलमध्ये जंगलाचा काही भाग बर्फामुळे बंद असू शकतो. प्रवेशद्वारावर विचारून आखलेल्या वाटेवरच चाला. वाटाडा घ्याच. सक्ती असो वा नसो. एक तर कडे आहेत, आणि दुसरं म्हणजे वाट सोडून पाऊल टाकलं की दोन-तीन वर्षांची रोपं पायाखाली जातात. गवताच्या काडीएवढी असतात ती, दिसतच नाहीत.

उंबरवाडी
या जंगलावर कुठल्याशा किडीचा मोठा हल्ला झाला होता ना? आता काय स्थिती?

हरितपर्ण
हो, आणि ती गोष्ट या गावाच्या नावानेच शास्त्रात नोंदली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथले देवदार भाजल्यासारखे तपकिरी दिसू लागले. कारण निघालं एक करवतमाशी, जी तोवर शास्त्राला ठाऊकच नव्हती. २००२ मध्ये तिचं वर्णन झालं आणि नाव ठेवलं सेफाल्सिया तन्नूरिनेन्सिस.

तिचं चक्र असं. वसंतात, देवदाराला कोवळी पालवी फुटते त्याच सुमारास, माशा जमिनीतून बाहेर येतात आणि नव्या सुयांवर अंडी घालतात. अळ्या फांदीवर जाळं विणून त्यात राहतात आणि कोवळ्या सुया कुरतडतात. उन्हाळा लागला की धाग्याने किंवा टपकन खाली पडून मातीत शिरतात आणि तिथे निपचित पडून राहतात. या झोपेतच मेख आहे. थंड, ओल्या मातीत ही झोप एक वर्षाची नसते, कित्येक अळ्या दोन-तीन किंवा त्याहून जास्त वर्षं पडून राहतात. त्यामुळे एका वर्षी थोड्याच माशा बाहेर येतात आणि झाड सावरतं.

बर्फ कमी पडला, माती लवकर कोरडी आणि उबदार झाली, की झोप आखडते. साऱ्या पिढ्या एकदमच बाहेर. एकदा सुया खाल्ल्या तर देवदार तग धरतो. लागोपाठ तीन-चार वर्षं कोवळी पालवी गेली की फांद्या वाळतात आणि मग खोड पोखरणारे किडे शिरतात. मरण बहुधा त्यांच्याकडून येतं.

१९९९ पासून काही वर्षं हेलिकॉप्टरने डायफ्लुबेन्झुरॉन फवारलं. हे औषध अळीला कात टाकताना नवं कवच बनवू देत नाही. त्यामुळे ते मुख्यतः वाढत्या अळीवर चालतं, मातीत झोपलेल्या अळीवर नाही. फवारणीची वेळ आठवडाभर चुकली तर वाया जाते. शिवाय ते इतर कीटकांच्या अळ्यांनाही लागतं, म्हणून कायमचा उपाय नव्हे. पुढे तिथल्या मातीतल्या, कीटकांना मारणाऱ्या बुरशींवर संशोधन झालं.

तर चुनखडी यांनी पाण्याबद्दल जे सांगितलं तेच इथेही: बर्फ. डोंगरावरचा बर्फ नुसता धबधबा चालवत नाही, तो मातीतल्या अळीला झोपवूनही ठेवतो. तिथे वाटाड्याला विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा: गेल्या मेमध्ये झाडं तपकिरी झाली होती का?

देवराई
हरितपर्ण ताई, विचारू की नको असं झालंय, पण दोन-चार बिया आणून महाबळेश्वरला लावल्या तर?

हरितपर्ण
अवश्य विचारा, पण आणू नका.

पहिलं, राखीव जंगलातून बी, फळ, फांदी काहीही उचलायचं नसतं. दुसरं, भारतात बियाणं आणायला वनस्पती संगरोधाची (क्वारंटाइनची) परवानगी आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. तो केवळ कागदी सोपस्कार नाही, वरची करवतमाशीची कहाणी वाचलीत ना? मातीच्या ढेकळातून असा पाहुणा कुठेही जाऊ शकतो.

तिसरं, जगणारच नाही. या झाडाला हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात पूर्ण कोरडेपणा आणि भरभर निचरा होणारी चुनखडीची जमीन हवी. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबरमध्ये पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस आणि खाली आम्लधर्मी जांभा. सगळंच उलट. मुळं पहिल्याच पावसाळ्यात कुजतील.

युरोपात किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्यांना अधिकृत रोपवाटिकेतून बी मिळालं तर पद्धत अशी: २४ तास पाण्यात भिजवा, ओलसर वाळूत मिसळून ३ ते ५ अंशांवर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, मग सेंटीमीटरभर खोल पेरा. कुंडी उभट हवी, सोटमूळ आधी खाली धावतं. बहुतेकांची रोपं पहिल्या दोन महिन्यांत बुंध्याशी कुजून आडवी होतात, कारण पाणी जास्त. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका.

तिखटमीठ
शाकाहारी प्रश्न माझ्याकडे.

एक शब्द पाठ करा: 'सियामी'. म्हणजे उपवासाचं. मारोनाइट लोकांचा ईस्टरआधीचा मोठा उपवास रोमन कॅथलिकांसारखा बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. या काळात परंपरेने मांस टाळतात, कित्येक घरी दूध-अंडीही नाहीत. त्यामुळे सियामी पदार्थांची मोठी परंपरा आहे. तुमचा एप्रिलचा आठवडा त्या वर्षी ईस्टरच्या आधी येतो की नंतर ते पाहा. आधी असेल तर ताटात भरपूर पर्याय. नंतर असेल तरी 'सियामी काय आहे?' विचारलं की समोरच्याला बरोबर कळतं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर कोंबडी चालेल असं समजणारे भेटतात, कारण 'लहमे' म्हणजे बोकड-गाईचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून दोन्ही सांगा: बला लहमे, बला जाज. 'बला' म्हणजे शिवाय.

मागवायचं काय: मुजद्दरा (मसूर-तांदूळ, वर करपवलेला कांदा, आपल्या खिचडीची चुलत बहीण), लूबिये बि-झैत (ऑलिव्ह तेलातली शेंगांची भाजी), तेलातली द्राक्षपानांची गुंडाळी, बटाटा आणि भरडलेल्या गव्हाची किब्बे, लबने (चक्क्यासारखं घट्ट दही), झातर म्हणजे सुक्या रानपाल्याचा मसाला लावलेली मनकूशे रोटी. सूपबाबत सावध राहा, मसुराच्या सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो.

किश्क दिसली तर नक्की चाखा, पण आधी विचारा. ही डोंगरातली बेगमी. त्या लोकांच्या 'मूने'त, म्हणजे हिवाळी साठवणीत, तिचा मान मोठा. एक किलो बुरघुलला, म्हणजे उकडून वाळवून भरडलेल्या गव्हाला, साधारण चार किलो दही आणि मीठ. दही एकदम ओतत नाहीत, गहू पीत जाईल तसं घालतात. सात-आठ दिवस रोज मळत आंबवतात, मग चिमटीएवढे तुकडे करून गच्चीवर चादरीवर ऊन देतात आणि अर्धवट सुकल्यावर तळहातांत चोळून चोळून पीठ करतात. पूर्ण सुकू दिलं तर खडे होतात आणि चोळता येत नाही. ओलं राहिलं तर महिन्याभरात बुरशी. कुरडयांचा चीक घाटणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगायला नको. या पिठाची आंबट पेज करतात, पण तिच्यात बहुधा 'कवर्मा' म्हणजे चरबीत मुरवलेलं मांस घालतात. तेवढं विचारा.

गावाचं नाव 'तन्नूर' शी जोडतात. आपला तंदूर तोच शब्द.

वसईकर_पाचूबंदर
थोडी भर. मारोनाइट चर्च रोमशी पूर्ण सहभागात आहे, त्यामुळे वसई किंवा गोव्याच्या कॅथलिकांना तिथल्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकर) घेता येतं. विधी मात्र वेगळा आहे, लॅटिन नव्हे तर सिरियाक परंपरेचा. अरबी प्रार्थनेत मधेच सिरियाक ओळी येतात. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या उपासनेतली प्राचीन भाषा तीच. पाद्रींना 'अबूना' म्हणावं. गावच्या अबूनांना बायको-मुलं असतील तर आश्चर्य वाटू देऊ नका. विवाहित पुरुषाला तिथे धर्मगुरू होता येतं, धर्मगुरू झाल्यावर मात्र लग्न नाही.

तन्नूरीनमध्ये हूबचा संत अंतोनियोस मठ आहे. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. गुड फ्रायडेला गावातली दुकानं बंद समजा, खायचं बरोबर ठेवा.

घाटवळण
पैसे आणि सुरक्षितता राहिली होती.

डॉलर न्या, आणि नोटा कोऱ्या करकरीत. फाटकी, शाई लागलेली, जुनी नोट घेत नाहीत. १, ५ आणि १० च्या नोटा जास्त ठेवा, शंभराची सुटी डोंगरात मिळणं कठीण. २०१९ च्या आर्थिक कोसळणीआधी एका डॉलरला १,५०७ पाउंड असा ठरलेला दर होता, २०२३ पासून तो ८९,५०० च्या आसपास आहे. हजारांच्या आकड्यांनी गोंधळू नका. कार्डावर विसंबू नका.

सरकारी वीज थोडे तास, बाकी जनरेटर. खोली घेताना 'रात्री जनरेटर किती वाजेपर्यंत?' हे विचारा. एप्रिलमध्ये रात्री चांगलीच थंडी असते आणि हीटर विजेवरचा असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा.

रेड क्रॉस १४०, नागरी संरक्षण दल १२५, पोलीस ११२. पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर प्रवेश नाकारतात. व्हिसाचा नियम लेबनॉनच्या दूतावासाकडूनच घ्या. निघण्याच्या आठवड्यात बेरूतमधल्या भारतीय दूतावासाची प्रवाससूचना वाचा आणि ती "जाऊ नका" म्हणत असेल तर तारखा बदला.

गिरिपुष्प
सर्वांचे मनापासून आभार. असं ठरतंय:
पहिला दिवस: सकाळी बेरूतहून बत्रून, दूमा, दुपारी देवदार जंगल वाटाड्यासह, मुक्काम वरच्या तन्नूरीनमध्ये.
दुसरा दिवस: मठ, ११ च्या सुमारास बलआ, दीडपर्यंत निघून लकलूक, अन्नाया, जबैल, संध्याकाळी बेरूत.
काही चुकतंय का?

हरितपर्ण
जंगल दुपारी नको, कड्यांवर धुकं आलं तर वाट बंद करावी लागते. बेरूतहून सहाला निघा आणि दहाच्या आत प्रवेशद्वारावर पोचा. दूमाचा थांबा फक्त चहापुरता.

चुनखडी
बाकी ठीक. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी लकलूकचा रस्ता उघडा आहे का ते विचारूनच बलआला निघा. बंद असेल तर आल्या वाटेने बत्रूनला उतरायचं आणि त्यासाठी बलआहून एक वाजताच निघावं लागेल. चालकालाही दोन्ही वाटा आधीच सांगून ठेवा, भाडं त्याप्रमाणे बोला. आणि कचऱ्याची पिशवी दोन न्या, एक तुमच्यासाठी, दुसरी काठावर आधीच पडलेल्या बाटल्यांसाठी. हात पुरेल तेवढ्याच उचला, कडेच्या दोन मीटरमधल्या नाही.